खाटेवरचा मायक्रोवेव्ह

६ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचा मायक्रोवेव्ह मंगळवारी सुखरूप पोचला. दोन माणसांनी तीन जिने चढवून वर आणला. एकाने दारातच पाणी मागितलं आणि दुसऱ्याने विचारलं, "कुठे ठेवू?" त्याला सहा दिवस झाले. तो माणूस कधीच निघून गेला, प्रश्न आमच्याकडे ठेवून.

खरं तर जागा ठरलेली होती. ओट्याच्या टोकाला, फ्रीजच्या शेजारी भिंतीत जो कोनाडा आहे, जिथे पूर्वी पाण्याचं पिंप असायचं, तिथे तो बसायचा होता. तुम्ही माप मागवलंत, मी टेप लावून कळवलं, तुम्ही तिथून दुकानाला ऑर्डर दिलीत. आणि आता तो आत जात नाही! आडवा जात नाही, तिरपा जात नाही, समजावून जात नाही. दीड इंचाने अडतो. माझं माप कधी चुकत नाही हे तुम्हाला माहीत आहे, वीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे. दुकानवाल्यांनीच मोठा पाठवला असणार. हल्ली खोक्यावर एक लिहितात आणि आत दुसरंच असतं.

तूर्त तो तुमच्या खोलीत आहे. म्हणजे माझ्या शिलाईच्या खोलीत. तिथे इस्त्रीचा पॉइंट आहे आणि तुमची खाट रिकामी आहे, म्हणून गादी गुंडाळून, फळी टाकून त्याला खाटेवर बसवला आहे. शेजारी माझ्या गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे. परवा एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या, तर त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आईंचं मनगट आता बरं आहे. डाग राहील म्हणतात. दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवताना पदराच्या भरवशावर राहिल्या, दुसरं काय. तुमच्या दादांनी हुकूम काढला आहे की आईने यापुढे गॅसजवळ जायचं नाही, जे काय गरम करायचं ते मायक्रोवेव्हमध्ये. तुम्ही तो पाठवलात तेही त्यासाठीच. पण तो आहे खाटेवर, आणि आई आहेत ओट्याशी, त्यामुळे हुकूम हवेत लटकतो आहे.

आणि आता रागावून लिहिते. मायक्रोवेव्हच्या सुमारास आईंना जी चिठ्ठी पाठवलीत ती साडेतीन ओळींची होती. "मी ठीक. तू काळजी घे. गॅसपाशी जाऊ नकोस. बोट निघते आहे." त्या आधीचं पत्र तीन महिन्यांपूर्वीचं, तेही एवढंच. फोनवर बोलायचं म्हणावं तर आईंचं तुम्हाला माहीतच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे कॉल जोडले, आता स्वतःच्या मुलाचा फोन आला तरी तीन मिनिटं झाली की "वेळ संपली" म्हणून ठेवून देतात. मग दिवसभर चुटपुटत बसतात. तेव्हा पत्र लिहा, आणि जरा माणसासारखं लिहा. विषय सुचत नसेल तर हा घ्या : मायक्रोवेव्ह कुठे ठेवू?

तुमची वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

आकाश निरभ्र, वारा ईशान्येकडून, समुद्र शांत, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून इथलं वातावरण तापलेलं.

बोट पंधरा दिवसांनी एकदा येते आणि चार तास थांबते. त्या चार तासांत या बेटावरच्या हवामान केंद्राची संपूर्ण वस्ती, म्हणजे मी, स्वयंपाकी आणि बिनतारीवाला, तुमच्या स्वयंपाकघरावर चर्चा करत होती. दोघांनीही ते पाहिलेलं नाही, पण त्याने काही अडलं नाही. स्वयंपाकी म्हणतो, मायक्रोवेव्ह मुळातच आळशी लोकांचं काम आहे, जागा शोधताच कशाला. बिनतारीवाला म्हणतो, मागच्या बाजूला चार बोटं जागा सोडा, हवा खेळती हवी, नाहीतर तो तापतो. या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे.

माझं मत : फ्रीजच्या डोक्यावर ठेवा. कारणं लिहितो. एक तर ती जागा कोणाच्या कामाची नाही, तिथे वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं आणि एक फुटकी बरणी असते. दुसरं, पॉइंट मागेच आहे. तिसरं, ओटा मोकळा राहतो, त्यामुळे आईची भाजी चिरायची जागा कोणी घेत नाही. तिची ती खिडकीजवळची जागा मला नीट आठवते. शाळेतून आल्यावर मी तिथेच ओट्यावर चढून बसायचो आणि ती मला "उतर, मेल्या" म्हणायची. उतरल्यावर सोललेलं गाजर द्यायची. गाजराच्या आशेने मी रोज चढायचो.

(पान तिसरं. हे फक्त तुमच्यासाठी. आईला वाचून दाखवू नका.) इथला माझा करार डिसेंबरात संपतो. आणखी तीन वर्षं राहायचं असेल तर सही करून कागद १ डिसेंबरच्या बोटीने पाठवायचा आहे. नाही पाठवला तर बदली माणूस येईल आणि मी घरी. पाच वर्षं झाली, इथे सवय झाली आहे. तिकडे येऊन करायचं काय, राहायचं कुठे, काही कळत नाही. दादाला विचारलं तर तो म्हणेल, बघू. तुम्हाला म्हणून सांगितलं.

(पान चौथं.) फ्रीजवर ठेवण्याआधी वर्तमानपत्रं काढा. आईला सांगा, मनगटाला मलम लावत जा. आणि खाटेवर ठेवलात ते ठीकच. कोणीतरी झोपतंय तिथे.

तुमचा भाऊजी


२२ ऑक्टोबर

भाऊजी,

अहो, चार पानं! पोस्टमन सुद्धा पाकीट हातात तोलून म्हणाला, "काही विशेष?"

आईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. एकदा दुपारी, एकदा तुमचे दादा दुकानातून आल्यावर, आणि तिसऱ्यांदा खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंसमोर. गाजराच्या ठिकाणी दर वेळी म्हणाल्या, "खोटारडा. गाजर नाही, मुळा द्यायचे." आणि डोळे पुसले. तिसरं पान मी गाळलं आणि बटणांच्या डब्यात लपवलं. त्याबद्दल मला खूप बोलायचं आहे, पण आधी फ्रीज.

फ्रीजवर ठेवून पाहिला. तुम्ही सहा फुटांचे, तुम्हाला फ्रीजचं डोकं दिसतं. आई साडेचार फूट आणि वर थोडा अंबाडा. त्यांना दार उघडायला स्टूल लागलं. स्टुलावर चढून, डोक्याच्या वर हात नेऊन, उकळतं दूध खाली उतरवायचं म्हणजे दुसरं मनगट भाजायची सोय आहे. मी किंचाळले. आई वरूनच शांतपणे म्हणाल्या, "याला कळव, जागा पसंत नाही. दुसरी सुचव म्हणावं. आणि का सुचवतोस तेही लिही, नुसती जागा नको."

तुमचे दादा आले, स्टुलाखाली उभे राहिले, चष्मा वर केला, म्हणाले, "बघू." दिवसभर दुकानात बसून लोकांचे डोळे तपासतात आणि घरात आल्यावर यांना काही दिसत नाही. मायक्रोवेव्ह पुन्हा खाटेवर.

आता तिसऱ्या पानाबद्दल. राहायचं कुठे, हा काय प्रश्न झाला? पण मी काही म्हणणार नाही, म्हटलं की तुम्ही उलट कराल, लहानपणापासूनची खोड आहे म्हणे. मात्र १ डिसेंबर माझ्या लक्षात आहे. तुम्ही आणखी तीन वर्षं राहिलात तर आईंना ते कोण सांगणार? मी सांगणार नाही. त्या सत्तर पार झाल्या आहेत. एवढंच लिहिते.

तुमची वहिनी

ता.क. आईंनी पत्र माझ्याकडून काढून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. तुम्ही पानांवर नंबर कशाला घालता हो? १, २, ४ असं आहे ते. अजून काही बोलल्या नाहीत.


१ नोव्हेंबर

वहिनी,

सकाळी धुकं, नंतर ऊन. फ्रीजचा प्रस्ताव मागे घेतो. आईची उंची माझ्या हिशेबात राहिलीच नाही. मुलाच्या डोळ्यांसमोर आई असते ती तो लहान, खालून बघत असतानाची, त्यामुळे घोटाळा झाला.

या वेळी मी काम पक्कं केलं आहे. फ्रीज पसंत पडला नाही तर म्हणून आधीच काढून ठेवलेला नकाशा सोबत जोडला आहे. स्वयंपाकघराचा, आठवणीतून. चार रात्री नव्हे, चार दुपारी खपलो आहे, कारण रात्री दर तीन तासांनी वाऱ्याची नोंद असते. बाणाने दाखवलेली जागा पाहा : मागचं दार आणि बेसिन यांच्या मधली भिंत. तिथे आईच्या खांद्याच्या उंचीवर एक भक्कम फळी ठोका. दारातून वारा येतो, त्यामुळे मागे हवा खेळती. बेसिन जवळ, त्यामुळे सांडलं तर पुसायला सोपं. आणि आई मागच्या दाराशी मांजराला दूध घालायला उभी राहतेच, तेव्हा ती जागा तिच्या पायाखालचीच आहे.

स्वयंपाक्याने नकाशा पाहून विचारलं, मांजर कुठे दाखवलं नाहीस? म्हणून ते कोपऱ्यात काढलं आहे. त्याला मिशा बिनतारीवाल्याने काढल्या, त्या मापाप्रमाणे नाहीत.

मुळे नव्हते. गाजरंच होती. हे आईला ठणकावून सांगा.

कागद अजून टेबलावर आहे. वर वजन म्हणून शंख ठेवला आहे.

तुमचा भाऊजी


९ नोव्हेंबर

भाऊजी,

नकाशा सुंदर आहे. आईंनी भिंतीला लावला आहे. फक्त त्यातलं काहीच खरं नाही.

मागचं दार बुजवून चार वर्षं झाली. कळवलं होतं तुम्हाला, पण तुमच्याकडून तेव्हा "छान" एवढंच उत्तर आलं होतं. बेसिन आता खिडकीखाली आहे. मांजर बिचारं गेल्या वर्षी म्हातारपणाने गेलं. तुम्ही ज्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ठेवताय ते आता फक्त तुमच्या डोक्यात आहे, भाऊजी. नकाशा पाहून आम्ही सगळे हसलो आणि मग ज्याचा तो कामाला लागला. तुमचे दादा सुद्धा "बघू" म्हणाले नाहीत.

तरी त्या भिंतीवर फळी ठोकली. आईंचाच आग्रह. "त्याने एवढं काढून पाठवलंय, करून तर पाहू." सुतार आला, भक्कम फळी बसवली, मायक्रोवेव्ह उद्या चढवू म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर भिंत ओली! फळीच्या बरोबर मागे, ताटाएवढा डाग. आई म्हणाल्या, "ओल आहे. विजेची वस्तू ओलीजवळ नको. कळव त्याला." सुतार डोकं खाजवत म्हणाला, इथून पाइपच जात नाही, ओल आली कुठून? मी तरी काय सांगू?

मग आम्ही आपापल्या अकलेने निघालो. बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवू म्हटलं, तर आई म्हणाल्या, पाहुण्यांसमोर दूध तापवायचं का? वॉशिंग मशीनवर रिकामं खोकं ठेवून पाहिलं. मशीन फिरायला लागल्यावर ते खोकं नाचत नाचत कडेपर्यंत आलं आणि खाली पडलं. टेबलावर ठेवला तर जेवायला चौथ्या माणसाला जागा नाही. आईंनी प्रत्येक जागेला नाक मुरडलं आणि प्रत्येक वेळी तेच, "कळव त्याला."

माझ्याकडे लग्नसराईचं गठ्ठाभर शिवण पडलंय, आणि मी हातात टेप घेऊन महिनाभर भिंती मोजते आहे. आता हात टेकले. या घरात तुमच्या त्या वस्तूला जागा नाही, एकदाचं लिहून ठेवा. काय करायचं ते तुम्हीच सांगा.

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. ढगाळ.

जागा नाही हे लिहून ठेवलं. मायक्रोवेव्ह परत करा. दुकानाला मी इथून बिनतारीने कळवतो, त्यांचा माणूस येऊन घेऊन जाईल. आईच्या हातासाठी म्हणून पाठवला होता. तिलाच एकही जागा पसंत पडत नसेल तर तिला तो नकोच आहे, हे मला आधीच कळायला हवं होतं.

नकाशाचं वाईट वाटलं नाही. फक्त असं झालं की रात्री डोळे मिटले की मी त्या दारातून आत जायचो. ते दारच नाही म्हटल्यावर जरा अवघड झालं. माझी खोली शिवणाची, माझ्या खाटेवर खोकं, आणि ते खोकं सुद्धा घरात मावत नाही. मग मी कुठे मावणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमची काही चूक नाही. पाच वर्षांत घर आपल्याला बुजवून टाकतं, त्यात कोणाचा दोष नसतो.

१ तारखेच्या बोटीने सही करून कागद पाठवतो. आईला तुम्ही सांगू नका, मीच लिहीन. चार ओळी.

भाऊजी


२१ नोव्हेंबर

बाळ,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. सूनबाईला माहीत नाही. ती दोरे आणायला खाली गेली आहे, तेव्हा थोडक्यात.

तुझं कालचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. वाचताना दोन ठिकाणी तिचा श्वास अडकला आणि शेवटी तिने "बाकी ठीक आहे" असं वाचलं. तू आयुष्यात "बाकी ठीक आहे" लिहिलेलं नाहीस. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले आहे मी. लोक काय बोलतात त्याहून काय गिळतात ते मला लवकर ऐकू येतं. बटणांचा डबा मी ऑक्टोबरातच उघडला. तिसरं पान पाठ आहे मला.

आता माझा गुन्हा ऐक. भिंत मी ओली केली. सकाळी सगळे झोपेत असताना मगभर पाणी घेऊन गेले आणि ओतलं. स्टुलावरून फ्रीजवरही मला नीट पोचत होतं, मी मुद्दाम धडपडले. टेबलावर चौथ्या माणसाला जागा नाही हेही मीच काढलं. चौथा माणूस घरात आहे कुठे सध्या?

मायक्रोवेव्ह मला नको आहे हे तुला कोणी सांगितलं? मी दुसऱ्याच आठवड्यापासून तो वापरते. रोज अकरा वाजता सूनबाई दोरे आणायला बाजारात गेली की तुझ्या खोलीत जाते, खाटेच्या कडेला बसते, कपभर दूध त्यात ठेवते. दीड मिनिट. ते फिरताना दिसतं आतून. मी तेवढा वेळ तुझ्या उशीवर हात ठेवून बसते. मग पुसून ठेवते, कोणाला कळत नाही. उत्तम वस्तू आहे. मनगटाला झळ लागत नाही.

मग नाटक कशाला, तर ऐक. पाच वर्षांत तू मला जेवढं लिहिलंस ते सगळं मिळून एका पाकिटात मावतं. आणि या यंत्राला जागा मिळेना म्हटल्यावर चार पानं, मग नकाशा, मग मांजराच्या मिशा! जागा ठरली असती की तू "छान" लिहून मोकळा झाला असतास. म्हणून मी जागा ठरू दिली नाही. म्हाताऱ्या बाईने केलं तर चालतं एवढं.

पण तू त्याचा असा अर्थ काढशील असं मला वाटलं नव्हतं. तुला जागा नाही? अरे गाढवा, मायक्रोवेव्हला मी दुसरीकडे बसू दिलं नाही ते तो तुझ्या खाटेवर होता म्हणून. तिथे काहीतरी तुझं होतं.

सही करायची तर कर, मी अडवणार नाही. पण जागा नाही म्हणून करू नकोस. दुसरं कारण शोध.

जिन्यात पाऊल वाजलं. वेळ संपली.

आई

मुळेच होते.


२२ नोव्हेंबर

भाऊजी,

कान उपटायला हवेत तुमचे! मी वस्तूला जागा नाही म्हटलं, माणसाला म्हटलं का? शिवणात डोकं पिकलेलं असताना काहीतरी लिहून गेले आणि तुम्ही ते गळ्यात बांधून बसलात. दुकानाचा माणूस न्यायला आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

आता माझं ऐका, आणि आईंना अवाक्षर कळवू नका.

पहिली गोष्ट. ओल कसली आली हे मला त्याच दिवशी कळलं. पाण्याचा मग ओट्यावर पालथा होता आणि आईंची बाही ओली होती. दुसरी गोष्ट. आई रोज अकराला तुमच्या खोलीत दूध तापवतात. त्यांना वाटतं मी दोरे आणायला जाते. रोज दोरे लागायला मी काय कारखाना काढलाय? मी जिन्यात उभी असते. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई विचारतात, काय हो, रोज अशा उभ्या? आतून टिंग वाजलं, कप ठेवल्याचा आवाज आला, की मग मी सुटते आणि उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. पुन्हा कुठे भाजलं तर हाक ऐकू यावी, म्हणून. पिशवी रिकामी घेऊन परत येते तेही त्यांना दिसत नाही, किंवा दिसतं.

का करतात हेही मला कळलं होतं. म्हणूनच मीही जागा शोधत राहिले. तुमचं पत्र आलं की त्या दोन दिवस जेवतात नीट.

तिसरी गोष्ट लिहायची लाज वाटते. दुकानाने मोठा पाठवला नव्हता. कोनाडा वीस इंच आहे. मी बावीस लिहिलं. अहो, वीस वर्षांची सवय, कोणाचंही माप घेतलं की हाताने आपोआप दोन इंच सैल धरते. माणसाला श्वास घ्यायला जागा लागते ना. कोनाड्याला लागत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या दादांना सांगितलं तर जन्मभर चिडवतील, म्हणून दुकानावर ढकललं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ मी आहे. हसा हवं तेवढं.

आणि राहायचं कुठे, तर सांगते. कापायचं टेबल मी काल बाहेरच्या खोलीत हलवलं. दादांनी एक बाजू धरली. "बघू" न म्हणता. मशीन खिडकीशी सरकवलं. खाट मोजली, सहा फूट दोन इंच, तुमच्यासाठी पुरेल, सैल धरलेलं नाही. आता त्यावर फक्त तो मायक्रोवेव्ह आहे, तो उचलायला कोणी आलं तर बरं.

कागदावरचा शंख तसाच ठेवा, एवढंच मागते.

तुमची वहिनी


१ डिसेंबर

आई, वहिनी, दादा, सगळ्यांना मिळून एकच पत्र,

दोन पत्रं एकाच बोटीने आली. दोन्ही समुद्राकडे तोंड करून वाचली, कारण बिनतारीवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. कोणी काय लिहिलं ते मी कोणालाच सांगणार नाही. मला कोणाचंही काहीही माहीत नाही. पण हसून हसून माझं पोट दुखतंय आणि नाकही वाहतंय, याला हवामानशास्त्रात काही शब्द नाही.

कागद बोटीवर दिलेला नाही. शंख घेऊन येतो आहे. बदली माणूस १५ तारखेच्या बोटीने उतरेल, त्याच बोटीने मी चढेन. शहरात मला केंद्राच्या मुख्य कचेरीत नोंदी तपासायचं काम मिळेल असं साहेब म्हणतात. स्वयंपाकी रुसला आहे. त्याने आईसाठी निरोप दिला आहे की दूध गॅसवरच तापवावं.

एक विनंती. मी येईपर्यंत मायक्रोवेव्हला कृपया जागा ठरवू नका.

तुमचा


१२ जानेवारी
मुक्काम : शिलाईची खोली, खाट

आई,

तू स्वयंपाकघरात आहेस, मी दोन भिंतींपलीकडे. वहिनी हे पत्र पोचवते आहे आणि पोचवताना मला वेडा म्हणते आहे. पण तू सकाळी म्हणालीस, "आता काय बाबा, घरीच आलास, आता कशाला लिहिशील," आणि पोळपाट आपटलास, म्हणून लिहितो.

मायक्रोवेव्हचा सद्यःस्थिती अहवाल. काल मी आणि दादा कोनाड्यात शिरलो. डाव्या बाजूला कोणीतरी जुन्या काळी एक जाड फळी ठोकून ठेवली होती, पिंप हलू नये म्हणून असेल. ती उपटली. दोन इंच निघाले. कोनाडा आता बरोबर बावीस इंच आहे. वहिनींनी टेप लावून तीनदा पाहिलं आणि मान वर करून म्हणाल्या, "माझं माप कधी चुकत नाही." दादा हसला, पण त्याला काही माहीत नाही.

मायक्रोवेव्ह आत बसला. चांगला बसला. तुझ्या खांद्याच्या उंचीवर, तुझ्या खिडकीपासून दोन पावलं. मला वाटलं, संपलं.

पण आज सकाळी पाहिलं तर त्याचं दार डावीकडे उघडतं आणि अर्ध्यावर फ्रीजला आपटतं. कप जातो, ताट जात नाही. म्हणजे प्रश्न तसाच आहे. फ्रीज सरकवला तर तुझी खिडकी झाकते, ते मला चालणार नाही. फ्रीज बाहेरच्या खोलीत नेला तर टीव्ही कुठे ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. मला तर हे चांगलं लांबणार असं दिसतंय. तुझं मत कळव.

वारा नाही. ऊन आहे. भाजीचा वास इथपर्यंत येतो आहे.

तुझा
बाळ


१२ जानेवारी
मुक्काम : ओटा

बाळ,

पत्र मिळालं. सूनबाईने वाचून दाखवलं, काही गाळलं नाही.

फ्रीज हलवायचा नाही. जागा मला अजून पसंत नाही.

दीडच पान लिहिलंस. सविस्तर लिही. उत्तर न्यायला येशील तेव्हा ओट्यावर चढू नकोस, मोडेल. गाजर सोलून ठेवलं आहे.

आई